बोरस्ते साहेबांची मंगळवारची गाडी

आमच्या कॉलनीत बातमी पसरायला वेळ लागत नाही, कारण माझं मेडिकलचं दुकान कॉलनीच्या तोंडाशीच आहे. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस जाताना एखादी बातमीही घेऊन जातो, आणि तिची मी पावती फाडत नाही. काही वर्षांपूर्वी अशीच एक बातमी माझ्या काउंटरवर येऊन पडली. माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारे रिटायर्ड विंग कमांडर कारभारी बोरस्ते म्हणे पेठ रोडवर काळीपिवळी चालवतात. सीट भरून.

बातमी आणणारा आमचा दूधवाला यादव. त्यानं स्वतः बघितलं होतं. करंजाळीच्या स्टॉपवर साहेबांची जुनी क्रूझर उभी, आत म्हातारी माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि साहेब खाली उतरून एकाला पुढून उठवून मागे बसवतायत, जाड माणसाला मधे घेतायत, अगदी मुरलेल्या ड्रायव्हरसारखे. "पेन्शन पुरत नसंल," यादव म्हणाला. "मोठ्या लोकांचे खर्चबी मोठे."

मी त्या बातमीला माझ्याकडचा थोडा मीठमसाला लावला. संध्याकाळपर्यंत, साहेबांनी वाटणीची द्राक्षबाग पत्त्यांत घालवली, इथपर्यंत कॉलनीचं एकमत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब दाढीचा साबण घ्यायला आले. मी म्हणालो, "साहेब, पेठपर्यंतचं सीट कितीला पडतं?"

"फुकट," साहेब म्हणाले. "पण त्याआधी पंधरा वर्षं फौजेत काढावी लागतात. तुमचं कठीण आहे महेशराव. तुम्ही एसटीनंच जा."

खरी गोष्ट अशी होती की साहेब दर मंगळवारी पेठकडच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माजी सैनिकांना गोळा करायचे, देवळालीच्या लष्करी दवाखान्यात न्यायचे आणि संध्याकाळी ज्याला त्याला घरी सोडून यायचे. डिझेल स्वतःचं, गाडी स्वतःची. गाडी काळीपिवळीसारखी दिसायची कारण ती कुणाकडून तरी जुनी घेतलेली, वऱ्हाडं वाहून थकलेली होती. खरं कळल्यावर यादवनं साहेबांकडे दुधात पाणी घालणं बंद केलं. माझ्याकडे चालू आहे.

आता साहेबांचं मुळापासून सांगतो. मी त्यांचा शेजारी आहे, तेव्हा सगळं सांगणार नाही असं म्हणणं मला शोभणार नाही.

साहेबांचं गाव पिंपळगाव बसवंतच्या अलीकडचं. घरी द्राक्ष आणि कांदा. भावांचं आता पॅकहाऊस आहे, कोल्ड स्टोरेज आहे, आणि गावात त्यांना शेठ म्हणतात. साहेबांना गावात अजून नुसतं कारभारी म्हणतात. हे नाव आजोबांचं. हवाई दलात पहिल्याच दिवशी एका पंजाबी ऑफिसरनं नावाचा अर्थ विचारला. साहेबांनी तो सांगितला, त्या दिवसापासून मेसचा हिशेब त्यांच्या गळ्यात पडला, तो नोकरी संपेपर्यंत पडलेलाच होता. हे साहेब स्वतः सांगतात. त्यांच्याबद्दलच्या चांगल्या गोष्टी मात्र दुसऱ्यांकडून काढाव्या लागतात, आणि ते काम मी करतो.

साहेब मालवाहू विमान चालवायचे. कॉलनीत ते नवे राहायला आले तेव्हा गणपतीच्या मंडपात पोरांनी त्यांना घेरलं. "आजोबा, तुम्ही किती विमानं पाडली?"

"एकही नाही," साहेब म्हणाले. "मी बटाटे पाडले. गहू पाडला. रॉकेल पाडलं. एकदा बोकडही पाडला, पॅराशूट बांधून."

पोरं गेली. पण मी थांबलो, कारण बोकडाचं पुढे काय झालं ते मला कळायला हवं होतं. तेव्हा समजलं की अरुणाचलच्या डोंगरांत, जिथं रस्ता नाही, तिथल्या चौक्यांवरच्या जवानांना वरून शिधा टाकावा लागतो. दोन डोंगरांच्या फटीतून विमान खाली न्यायचं, खाली पांढरं कापड अंथरलेलं दिसलं की मागचा दरवाजा उघडून पोती सोडायची आणि पुढचा डोंगर यायच्या आत वर उचलायचं. ढग आले की परत. आसामातल्या जोरहाटहून निघायचं आणि तिथंच परतायचं. पुढे चंदीगडला बदली झाली, तिथून लेह. जाताना दूध पावडर, भाजी, रजेवरून परतणारे जवान. येताना रजेवर निघालेले जवान, आजारी जवान, आणि कधी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी. पेटी असली की साहेब विमान कसं उतरवायचे हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "दूध उतू जाणार नाही असं," म्हणाले, आणि विषय बदलला.

त्यांच्या आई सगुणाबाई मोठ्या बाणेदार. एकदा साहेब विमान घेऊन ओझरला उतरले. ओझर म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर. सगुणाबाई साहेबांच्या भावाच्या जीपमधून गेटवर हजर, सोबत बाजरीच्या भाकरी, झुणका, ठेचा, विमानातल्या सगळ्यांपुरतं. साहेबांनी परवानगी काढून त्यांना लांबून विमान दाखवलं. सगुणाबाईंनी विचारलं, आत काय नेतो. त्या आठवड्यात नेमका कांदा नेला होता, गोणीवर पिंपळगावच्या व्यापाऱ्याचा शिक्का बघून साहेबांना जोरहाटला भरून आलं होतं. ते त्यांनी कौतुकानं सांगितलं. सगुणाबाई म्हणाल्या, "एवढा शिकला, आन् कांदेच वाहतो. त्याला आपला टेंपो काय वाईट होता?"

माझ्या वडिलांची आणि साहेबांची ओळख मी करून दिली. वडिलांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली. राखेत राबलेला माणूस, शेवटी शेवटी दम्यानं बेजार, कुणाशी बोलेना. साहेब त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "दादा, ओझरला उतरताना मी तुमच्या चिमण्यांचा धूर बघायचो. वारा कुठून येतोय ते कळायचं." माझे वडील त्यानंतर जो भेटेल त्याला सांगायचे की माझ्या धुरावर विमानं उतरायची. आयुष्याच्या अखेरीस एखाद्या माणसाला त्याच्या धुराचा अभिमान देणं म्हणजे काय, हे मला दुकानातल्या कुठल्याच औषधात सापडलेलं नाही. मी साहेबांची टिंगल करतो ती करतोच, पण हे ऋण बाजूला ठेवून करतो.

रिटायर झाल्यावर साहेब काही वर्षं एका खासगी कंपनीच्या विमानावर होते. पगार चांगला, गणवेश झकपक. पण मागे बसलेला मालक फोनवर बोलायचा आणि दहा मिनिटं उशीर झाला की चिडायचा. साहेबांना ते मानवेना. परत आले, आमच्या शेजारी रो हाऊस घेतलं आणि मंदाकाकूंच्या कुंड्यांना पाणी घालू लागले. मंदाकाकू म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे घरात वरिष्ठ अधिकारी कोण हा प्रश्न कधी उद्भवला नाही.

मंगळवारची सुरुवात बुधामुळे झाली. साहेब देवळालीला स्वतःची साखर तपासायला गेले होते. तिथं बाकावर एक काळासावळा, वाळकुडा म्हातारा पिशवी उशाला घेऊन झोपलेला. साहेबांनी चौकशी केली. बुधा गावित, रिटायर्ड नाईक, पेठच्या पुढच्या पाड्यावरचा. सकाळी नंबर लावायचा तर आदल्या दिवशीच निघावं लागतं, म्हणून इथंच झोपलो, म्हणाला. साहेबांनी त्याचं काम होईपर्यंत थांबून त्याला आपल्या गाडीत घातलं आणि घरी सोडायला निघाले.

वाटेत बुधा खुलला. साहेब कोण हे त्याला माहीत नव्हतं, नुसता कुणी भला माणूस आहे एवढंच. बोलता बोलता अरुणाचलची चौकी निघाली. "काय सांगू सायेब," बुधा म्हणाला, "आम्ही खाली कापड हातरून, धूर करून बसायचो. अन् ते इमानवाले. आंधळे लेकाचे. निम्मं दरीत. एकदा सगळं मीठ खाली नदीत घातलं. महिनाभर आळणी खाल्लं. मला ते इमानवाले भेटले ना, तर एकेकाला आळणी भात चारीन."

साहेब गाडी चालवत राहिले. पाडा आला. उतरताना म्हणाले, "बुधाभाऊ, त्या विमानवाल्यांतला मी एक."

बुधानं पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाला, "मंग चला. भात टाकलेला हाय."

आणि खरंच आळणी भात वाढला. साहेबांनी खाल्ला. मग बुधाच्या बायकोनं, तानुबाईनं, हसत हसत मीठ आणि उडदाचं भुजं, म्हणजे भातावरचं कालवण, आणून ठेवलं. घरी आल्यावर साहेब मंदाकाकूंना म्हणाले, "आम्ही माल सोडायचो आणि जोरहाटला येऊन गरम जेवायचो. खाली काय झालं ते इतक्या वर्षांनी आज कळलं. सांगणारा भेटला, हे माझं नशीब." पुढच्या मंगळवारी ते बुधाला आणायला गेले. त्याच्यासोबत शेजारच्या पाड्यावरचा आणखी एक जण निघाला, मग कुणाची विधवा, मग करंजाळीचा फकिरा. साधी मोटार पुरेना, म्हणून क्रूझर आली.

साहेबांची गाडी काढायची तऱ्हा बघायला मी मंगळवारी मुद्दाम लवकर उठायचो. आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा. प्रत्येक टायरला बुटाचं टोक. मग आत बसून आरसा, ब्रेक, हॉर्न, पाणी, सगळ्याची नावं मोठ्यानं घ्यायची आणि स्वतःच "ठीक" म्हणायचं. मी कठड्यावरून म्हणायचो, "साहेब, टॉवरकडून परवानगी आहे." साहेब वर न बघता म्हणायचे, "टॉवरनं आधी दात घासावेत." माणसं बसवतानाही वजन बघून, जड माणूस मधे, हलका कडेला. डबे, काठ्या, पिशव्या, सगळं सुतळीनं बांधून. एका आजीनं कोंबडी आणली होती दवाखान्यातल्या सिस्टरबाईंना द्यायला, तीसुद्धा बांधली. सुटा माल घेऊन साहेब हलायचेच नाहीत.

आणि गाडी चालवणं? आता खरं बोलायला हरकत नाही. साहेब गाडी वाईट चालवायचे. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण ज्यानं हिमालयावरून विमान नेलं त्याला गिअर उशिरा टाकता म्हणून कोण सांगणार?

गेल्या वर्षी त्यात नवी भर पडली. आधी कॉलनीच्या गेटचा खांब खरवडला. मग मंदाकाकूंची शेवंतीची कुंडी गेली. साहेब म्हणाले, कुंडी चुकीच्या जागी होती. ती कुंडी ते कॉलनीत आले तेव्हापासून तिथंच होती. मग एका मंगळवारी सावळघाटात ते घडलं, जे मला बुधानं दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं.

भर सकाळ, लख्ख ऊन. समोर वळणावर बंद पडलेला टोमॅटोचा टेंपो, मागे दगड लावलेले. गाडीतल्या सगळ्यांना तो दिसला. साहेब मात्र सरळ त्याच्यावर चाललेले. सगळे गप्प, कारण साहेबांना दिसत असणार, साहेब काहीतरी हिशेबानंच जात असणार. शेवटी मागच्या बाकावरून फकिरा ओरडला, "साहेब, ब्रेक." गाडी थांबली. टेंपोच्या आणि क्रूझरच्या मधे टोमॅटोचं एक क्रेट बसलं असतं, तेवढीच जागा. मग फकिरा म्हणाला, "माफी असावी साहेब. आवाज चढला."

फकिरा भोये हा इतका अबोल की त्याचा आवाज कसा आहे हे त्या दिवशी बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. रिटायर्ड हवालदार, रोज एक गोळी रक्तदाबाची, एवढाच आजार. कायम मागच्या बाकावर ताठ बसलेला, उजवा पाय सारखा फळीवर दाबत. आम्ही समजायचो पायाला मुंग्या येतात.

मंदाकाकूंनी ते ऐकलं आणि साहेबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं फर्मान काढलं. मला सोबत घेतलं, कारण साहेब वाटेतून पळतील अशी त्यांना शंका. डॉक्टर सृष्टी म्हणजे तरुण मुलगी, मंदाकाकूंचीच जुनी विद्यार्थिनी.

इथं एक सांगायला हवं. वैमानिकाला शत्रूची भीती वाटत नाही, डोंगराची वाटत नाही, मेडिकल बोर्डाची वाटते. वर्षाला तपासणी, आणि डॉक्टरनं मान हलवली की तुम्ही जमिनीवर. त्यामुळे डोळे तपासायचा तक्ता पाठ करणं ही त्या लोकांची जुनी खोड. साहेबांचे डोळे तेव्हा उत्तम होते, तरी पाठ होता, जसा आपल्याला गरज नसताना अडीचकीचा पाढा पाठ असतो.

डॉक्टर म्हणाल्या, "सर, समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचा."

साहेबांनी छाती पुढे काढून इंग्रजी अक्षरं घडाघडा म्हटली. एकही अडखळ नाही. मी टाळी वाजवणार होतो.

डॉक्टर हळू म्हणाल्या, "सर, आज मराठी तक्ता लावलाय."

मला हसू आलं होतं, ते तोंडातच राहिलं. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मंदाकाकू भिंतीकडे बघत होत्या.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. समोर ज्याच्याकडे रोखून बघावं तेच पुसट होतं, कडेचं दिसत राहतं. इंजेक्शनांनी आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही. "गाडी?" साहेबांनी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. साहेब "ठीक" म्हणाले, त्याच आवाजात, ज्यात ब्रेक-पाणी तपासून म्हणायचे. घरी आल्यावर क्रूझरवर ताडपत्री टाकली, चावी मंदाकाकूंच्या हातात दिली.

पण बुधाच्या पायाचं काय? बुधाला साखर, आणि डाव्या तळव्याला जखम झालेली. दर मंगळवारी देवळालीला ती साफ करून पट्टी बदलत होते. तिथल्या डॉक्टरांनी साहेबांनाच बजावलं होतं, खंड पडला तर पाय वाचायचा नाही. जखम अर्धीअधिक भरली होती. पाड्यापासून बसचा रस्ता दगडधोंड्यांचा, तो पाय घेऊन चालणं म्हणजे होतं तेही घालवणं.

मंदाकाकूंनी एक ड्रायव्हर ठरवला, सनी नावाचा. गाडी त्याची बरी होती, पण पेठच्या पुढे पाड्याचा कच्चा रस्ता बघून त्यानं मान फिरवली. स्प्रिंगचे पाटे तुटतील म्हणाला. बाकीच्यांना घेऊन आला, बुधाला तिथंच सोडून. मी म्हणालो, मी चालवतो. साहेबांनी माझ्याकडे इतक्या प्रेमानं बघितलं की मी पुढे बोललो नाही. घाटात माझी स्कूटरसुद्धा मीच ढकलतो.

सोमवारी बुधाचा फोन आला. साहेबांनी तो ओट्यावर बसून घेतला, स्पीकर लावून, कारण हल्ली त्यांना फोनवरची बटणं दिसेनात. "सायेब, पायाला वास येतोय," बुधा म्हणाला. "तानुबाई म्हंती उद्या डोलीत घालून रोडपर्यंत नेऊ. मी म्हणतो राहू दे. तुम्हाला तरास."

"त्रास कसला," साहेब म्हणाले, "उद्या येतो." फोन ठेवला. मंदाकाकू दारात आल्या. "कसे येणार?" क्रूझरवरच्या ताडपत्रीची एक दोरी सुटली होती, ती साहेबांनी उठून बांधली नाही, सुटीच राहू दिली. मी माझ्या बाजूला झाडांना पाणी घालत होतो आणि मला स्पष्ट दिसत होतं की हा माणूस सकाळी चावी मागणार, काकू देणार नाहीत, आणि मग काय होईल ते आमच्या कुणाच्या हातात नाही. त्या दिवशी मी ही बातमी दुकानात कुणालाच दिली नाही. फक्त करंजाळीला एक फोन केला, तिथल्या मेडिकलवाल्याला. आमच्या धंद्यात वार्ता औषधांपेक्षा लवकर पोहोचते. म्हटलं, बुधासाठी तिकडची एखादी जीप मिळते का बघ.

मंगळवारी मी शटर वर करतो तो पेठ नाक्याकडून फकिरा चालत येताना दिसला. करंजाळीच्या मेडिकलवाल्याकडून माझा निरोप त्याच्या कानावर गेला होता, आणि तो पहिल्या एसटीनं आलेला. इस्त्रीचा शर्ट, बूट चमकवलेले. मी शटर अर्धवट सोडून त्याच्या मागे गेलो. तो साहेबांच्या गेटशी जाऊन ताठ उभा राहिला. साहेब गाडीजवळच होते, ताडपत्री काढत. मंदाकाकू पायरीवर, चावी मुठीत.

"जय हिंद साहेब," फकिरा म्हणाला. "चावी मिळेल का?"

"फकिराभाऊ, तुम्ही चालवता?"

"ए.एस.सी. मध्ये होतो साहेब. मनाली ते लेह. तीन टनी."

ए.एस.सी. म्हणजे सैन्याची रसद पोहोचवणारं दल. हा माणूस आयुष्यभर हिमालयाच्या खिंडींतून ट्रक हाकत होता आणि सावळघाटात मागच्या बाकावर बसून फळीवर ब्रेक दाबत होता.

"अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" साहेब म्हणाले.

"साहेब चालवत होते," फकिरा म्हणाला. त्याच्या दृष्टीनं एवढं पुरे होतं. अधिकाऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग हवालदार मागून घेत नाही.

"तुमच्या कागदावर ए.एस.सी. वाचलं होतं हो मी," साहेब म्हणाले. "पण म्हटलं पेशंट माणूस, तिथं काय करायचात ते विचारलंच नाही."

मंदाकाकूंनी कपाळावर हात मारला. "दोघांनी मिळून त्या बुधाचा पाय घालवला असतात," त्या म्हणाल्या, आणि चावी सरळ फकिराच्या हातात दिली. मग विचारलं, "यांचं चालवणं कसं होतं हो? खरं सांगा."

फकिरानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान डोलावून परवानगी दिली.

"विमानासारखं," फकिरा म्हणाला.

"म्हणजे?"

"वळणाच्या बाहेरसुद्धा जागा आहे असं धरून चालवायचे."

साहेब हसले. तपासणीनंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा.

बुधाला दुपारच्या आत देवळालीला पोहोचवलं. पुढचे काही आठवडे कठीण गेले, एक बोट काढावं लागलं, पण पाय राहिला. बुधा म्हणतो, विमानवाल्यांनी मीठ घालवलं, पण पाय राखला, आता फिटंफाट. जखम भरल्यावर तानुबाईनं नागलीच्या पापडांचं गाठोडं आणून साहेबांच्या ओट्यावर ठेवलं आणि मंदाकाकूंच्या पाया पडायला वाकली. काकूंनी तिला वर उचललं आणि म्हणाल्या, पाया पडायचं तर फकिराच्या पड. फकिरा हे ऐकून गेटबाहेर जाऊन उभा राहिला. त्याचेही डोळे आम्ही तपासून घेतले, डॉक्टर सृष्टींकडेच. मराठी तक्ता सगळा वाचला, खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

आता गाडी फकिरा चालवतो. हळू चालवतो, ताफ्यात असल्यासारखी, पुढच्या गाडीपासून ठरावीक अंतर राखून. सायकलवाले ओलांडून जातात. साहेब निघण्याआधी प्रदक्षिणा घालतात, टायर हातानं चाचपतात, माणसं बसवतात, माल बांधतात. दवाखान्यात कुणाला कुठल्या खिडकीवर न्यायचं ते बघतात, गोळ्या कशा घ्यायच्या ते एकेकाला समजावतात. डबीवर वाचता येत नाही म्हणून डबी हलवून आवाजावरून ओळखतात, आणि चुकले तर बुधा दुरुस्त करतो.

मागच्या मंगळवारी मीही सोबत गेलो होतो. दुकान बंद ठेवलं, कारण एवढी ऐकीव बातमी विकल्यावर एकदा माल डोळ्यांनी बघून घ्यावा म्हटलं. करंजाळीच्या पुढे गाडी भरली. फकिराशेजारची पुढची सीट रिकामी होती. ती साहेबांची, फकिरा ती कुणाला देत नाही. साहेब मात्र मागे, आडव्या बाकावर, बुधा आणि एका आजीच्या मधे, मांडीवर कुणाचा तरी डबा घेऊन बसले होते. आजी त्यांना आपल्या नवऱ्याचं सांगत होती, तो लेहला कसा गेला आणि कसा आला. साहेब तिच्याकडे तोंड न करता, जरा तिरके बसून ऐकत होते, म्हणजे कडेनं तिचा चेहरा नीट दिसेल.

मला राहवेना. म्हणालो, "साहेब, विंग कमांडर माणूस, पुढची सीट मोकळी, आणि तुम्ही मागे गुडघे मोडून बसलाय. कॉलनीत काय सांगू मी?"

साहेब म्हणाले, "सांगा, सगळी नोकरी पुढे बसून झाली. मागे कोण बसलंय ते बघायचं राहिलं होतं."